नकाशात उत्तर वर कोणी नेली?

"गोऱ्यांनी जग जिंकलं आणि उत्तर वर नेली. ते डोक्यावर, आपण पायाशी! मर्केटरने भारत मुद्दाम लहान काढला. खरा नकाशा दक्षिण वर असलेलाच." नागपुरातल्या सीताबर्डीच्या आमच्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज आठवडाभरात तिसऱ्यांदा आला. आता लिहिणं आलं.

उत्तर वर ठेवणारा भूगोलतज्ज्ञ टॉलेमी दुसऱ्या शतकातला, इजिप्तच्या अलेक्झांड्रियाचा. कोरियातला १४०२ सालचा कांगनिदो नकाशाही उत्तर वरच धरतो. तेव्हा गोऱ्यांनी जग कुठे जिंकलं होतं? उलट मध्ययुगात युरोपवालेच पूर्व वर धरत, कारण स्वर्गाची बाग पूर्वेला. इंग्लंडातल्या हेरफोर्डच्या चर्चमधला १३०० च्या आसपासचा नकाशा तसाच आहे, मधोमध जेरुसलेम. अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसीने ११५४ साली दक्षिण वर घेतली खरी, पण पदरी होता सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या!

मर्केटरचा १५६९ चा नकाशा खलाशांसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून जायची वाट त्यावर सरळ रेघेत येते. त्यापायी ध्रुवांकडचं सगळं फुगतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; आफ्रिका त्याच्या १४ पट आहे, आपला भारत दीडपट. म्हणजे भारत कोणी कापला नाही, ग्रीनलंड फुगलं. चूक असेल तर जहाजावरचा नकाशा शाळेच्या भिंतीवर टांगणाऱ्यांची.

सत्तेचा हात बघायचाय नं? मग वर-खाली सोडा, शून्य बघा. विषुववृत्त निसर्गानेच दिलंय, शून्य रेखांश मात्र कोणीतरी ठरवावा लागतो. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देश बसले आणि तो लंडनच्या ग्रिनिचला गेला, कारण बहुतेक जहाजवाहतूक ग्रिनिच धरूनच चालायची. फ्रान्स तटस्थ राहिला. आपल्या नागपूरच्या झिरो माइलला, म्हणजे जिथून अंतरं मोजायचे म्हणतात त्या खांबापाशी, चार दगडी घोड्यांसोबत फोटो काढताना शेजारचा १९०७ चा दगडही बघा. देशाची मोजणी करणाऱ्या सर्व्हेवाल्यांनी बसवलेला. शून्य कुठे धरायचं, हे मोजणाराच ठरवतो.

राहिला 'खरा' नकाशा. आपले शब्दच बघा. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम मागची, दक्षिण उजवी; प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो तो त्याच अर्थाने. आपला माणूस सूर्याकडे तोंड करून उभा होता, तो दक्षिण कशाला वर धरेल? आणि 'उत्तर'चा मूळ अर्थच 'अधिक वरची'. हा शब्द काही लंडनहून आलेला नाही, भाऊ.