झिरो टीडीएसचा हट्ट आणि एस्प्रेसो मशीन

घरी एस्प्रेसो मशीन आलं की आठवड्याभरात कुणीतरी हा सल्ला पाठवतंच: “मशीनमध्ये फक्त आरओचं पाणी घाला. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) जितका कमी तितकं चांगलं, शून्य असेल तर उत्तम. क्षार साचणार नाहीत, डिस्केलिंगची (साचलेला चुना काढण्याची) कटकट कायमची मिटेल, कॉफीची खरी चव कळेल. आरओ नसेल तर सोसायटीच्या सॉफ्टनरचं किंवा साध्या फिल्टरचं पाणीही चालतं.” अर्धं खरं असल्यामुळेच हा सल्ला इतका फिरतो. आता एकेक वाक्य घेऊ.

“टीडीएस जितका कमी तितकं चांगलं.” टीडीएस मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो आणि ठरावीक गुणकाने गुणून लिटरला किती मिलिग्रॅम असा आकडा दाखवतो. ती वीज कॅल्शियममुळे वाहिली की सोडियममुळे, याचा त्याला पत्ता नसतो, आणि मशीनचं सगळं भवितव्य नेमकं त्यावरच ठरतं. मीटरवर सारखेच 150 दाखवणारे दोन पेले घ्या. एकात कॅल्शियम बायकार्बोनेट आहे: तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना खाली बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. दुसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट आहे: कितीही तापवा, पुटं चढत नाहीत. म्हणून मोजायच्या गोष्टी दोन. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, आणि बायकार्बोनेटची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. फिश टँकच्या दुकानात या दोन्हींचे थेंबांचे किट मिळतात, जीएच आणि केएच नावाने. 5 मिली पाण्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं, एक थेंब म्हणजे लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम. आपल्या आज्यांना किटची गरज नव्हती म्हणा. तूरडाळ शिजेना की त्या म्हणायच्या, पाणी बोअरचं आहे, चिमूटभर सोडा टाक.

“शून्य असेल तर उत्तम.” हे वाक्य सर्वांत महागात पडतं. मला पडलं. मशीन नवीन असताना मी आरओच्या टीडीएसचा स्क्रू (शुद्ध पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळणारा) पूर्ण बंद करून घेतला, मीटरवर 6 बघून खूश झालो, आणि तिसऱ्या दिवशी वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणीच यायला लागलं. कंपनीच्या मेकॅनिकने बोर्ड बिघडल्याचं सांगितलं. बोर्ड ठणठणीत होता. वाफेच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखायला धातूची एक सळई असते. पाणी तिला टेकलं की पाण्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि पंप थांबतो. जवळजवळ क्षारविरहित पाण्यातून तो प्रवाह पुरेसा वाहत नाही, मशीनला वाटतं बॉयलर रिकामाच आहे, आणि पंप भरत राहतो. सगळ्या मशीनमध्ये अशी सळई नसते. साध्या थर्मोब्लॉकच्या मशीनला, म्हणजे बॉयलरऐवजी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी नेणाऱ्या मशीनला, हा त्रास नाही.

दुसरा त्रास मात्र कमीजास्त सगळ्यांनाच आहे. शून्याजवळच्या पाण्यात बायकार्बोनेट नसल्यामुळे हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी ते आम्लाकडे झुकतं, आणि बॉयलरचं तांबं, फिटिंगचं पितळ हळूहळू खायला लागतं. चुना निदान दिसतो, ॲसिडने निघतो. झिजलेलं तांबं परत येत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर मशीनमध्ये ओतणारेही मी पाहिलेत. ते पिण्यासाठी बनवलेलंच नसतं, इतकंच सांगतो.

शिवाय सगळ्यांना आरओ लागतो कुठे? सह्याद्रीच्या पावसाचं, धरणातलं पाणी मुळात सौम्य असतं. मुंबईच्या तलावांचं, पुण्यात खडकवासल्याचं पाणी बोअर किंवा टँकरच्या पाण्याशी एका तागडीत तोलता येणार नाही. जिथे टीडीएस 500 च्या खाली आहे तिथे आरओ वापरूच नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं, तेही पाण्याच्या नासाडीमुळे. मात्र पिण्याला योग्य म्हणजे बॉयलरला योग्य, असंही नाही. आपल्या आयएस 10500 या मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंतही. 200 चं पाणी पोटाला काही करत नाही, बॉयलरला करतं.

“डिस्केलिंगची कटकट मिटेल.” बॉयलरमधून वाफ जाते, क्षार मागेच राहतात. रोज चार कप दूध फेसाळणाऱ्या घरात सौम्य पाणीही त्या बॉयलरमध्ये आटत आटत घट्ट होत जातं. गरम पाण्याचा नळ असेल तर आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी काढून टाका, म्हणजे ताजं भरलं जाईल.

“खरी चव कळेल.” उलट आहे. अल्कलिनिटी कॉफीतल्या आम्लाला आवर घालते. ती अजिबात नसेल तर चिकमगळूरच्या चांगल्या अरेबिकाचा शॉटही दात आंबवतो, जास्त झाली तर तोच शॉट खडूसारखा मुका लागतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकातही टीडीएस 150, कॅल्शियमचा जडपणा 68 आणि अल्कलिनिटी 40 च्या आसपास धरली आहे. शून्य कुठेच नाही. चिकोरीवाली फिल्टर कॉफी करणार असाल तर हा परिच्छेद विसरा, चिकोरी सगळं झाकते.

“सॉफ्टनरचं पाणी चालतं.” चुन्यापुरतं हो. सॉफ्टनरमधली मिठाने ताजी होणारी रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. टीडीएस तेवढाच राहतो, म्हणून मीटर बघून लोक सॉफ्टनर बंद पडला समजतात. पण अल्कलिनिटी जशीच्या तशी राहते आणि क्लोराइडही. मचूळ बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलच्या बॉयलरला बारीक भोकं पाडू शकतं, तिथे सॉफ्टनर काही कामाचा नाही, आरओच हवा.

“साधा फिल्टर” गाळ अडवतो, कार्बन असेल तर क्लोरीनचा वासही काढतो. विरघळलेला चुना त्यातून आरामात पलीकडे जातो. तुरटीनेही तो जात नाही.

मग करायचं काय? तुमच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा 400 आणि अल्कलिनिटी 300 असेल, तर आरओच्या नऊ भागांत मूळ पाण्याचा एक भाग मिसळला की 40 आणि 30 च्या थोडं वर येतं. झालं काम. क्लोराइडची शंका असेल तर मूळ पाणी मिसळूच नका. परदेशातले हौशी लोक पावलिस नावाने ओळखली जाणारी कृती वापरतात: शुद्ध पाण्यात लिटरला 100 मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. मी आमच्या डब्यातला खाण्याचा सोडा वापरतो. लिटरभर आरओच्या पाण्यात 8.4 ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवायची आणि टाकीतल्या प्रत्येक लिटरला त्यातलं 10 मिली घालायचं. अल्कलिनिटी 50 च्या आसपास येते, जडपणा जवळजवळ शून्य राहतो, सळईला पाणी कळतं. मॅग्नेशियमने अर्क चांगला उतरतो म्हणतात, माझ्या जिभेला एस्प्रेसोत तो फरक अजून सापडलेला नाही. बाटलीवर नाव तेवढं लिहा. आमच्याकडे ती एकदा डाळीत गेली होती. डाळ मेणासारखी शिजली.