रायगड 'करायला' निघालेल्यांसाठी

येत्या शनिवार-रविवारी रायगड 'करायचा' बेत असेल तर आधी तुमचं अभिनंदन. पूर्वी माणसं गडावर जायची, हल्ली गड करतात, केवायसी करावी तसा. आम्ही महाडकर. मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांना चढण्याआधी हातपाय धुवायला आणि उतरल्यावर जेवायला जागा असावी, एवढ्यासाठीच आमच्या आजोबांनी इथे घर बांधलं असणार. गेल्या रविवारी भाचा ऑफिसातल्या सहा जणांना घेऊन आला आणि "मामा, तू चल ना, माहिती सांगायला" म्हणून मलाही गाडीत कोंबलं. त्या एका दिवसात जे शिकलो ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितोय.

निघायचं पहाटे चारला ठरवावं, निघावं आठला. महामार्गाबद्दल मी काही बोलणार नाही. माणगाव आलं की खाली उतरून निवांत चहा पिऊन या, गाडी तिथेच असेल.

बूट नवे घ्यावेत. पांढरे.

ऐन बाराच्या उन्हात पायथ्याशी पोचलात की पायऱ्यांकडे बघून हसावं. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, कोण चढणार? १९९६ पासून रोपवे आहे, चार-पाच मिनिटांत वर. त्या चार-पाच मिनिटांसाठी आम्ही रांगेत अडीच तास उभे होतो. तेवढ्या वेळात चित दरवाज्याकडून दम खात, गप्पा मारत निघालेला माणूस महादरवाज्याच्या सावलीत एक डुलकीही काढतो. पण चढायला आपल्याला वेळ कुठे असतो!

स्पीकर विसरू नये. नगारखान्याच्या दारात कुजबुजलेलं थेट सिंहासनाच्या जागी ऐकू जातं, असं सांगतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी ही किमया साधली त्यांना आपली प्लेलिस्ट ऐकवायलाच हवी. भाच्याच्या मित्राने ती राजसदरेत ऐकवली. शेजारी एक आजोबा नातवाला ६ जून १६७४ ला इथे काय झालं ते सांगत होते. ते थोडा वेळ थांबले, मग नातवाचा हात धरून होळीच्या माळाकडे निघून गेले. त्यांचा दिवस बिघडला असेल, पण आपल्याला वाईब आली.

पाण्याच्या बाटल्या माणशी दोन घ्याव्यात. रिकाम्या झाल्या की गंगासागर तळं आहेच.

वर पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत कुणीतरी एकाने "इथे नुसते दगडच आहेत रे" हे वाक्य म्हणायलाच हवं. आमच्यात ते एका मुलीने म्हटलं. मी तिला पोटल्याचा डोंगर दाखवला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तिथे तोफा चढवल्या, वाड्यांना आग लागली, लाकूड होतं तेवढं जळलं आणि उरले ते हे दगड. "ओह," ती म्हणाली, "पण मग रिस्टोर का नाही करत?" आणि उत्तर यायच्या आत तिने जोत्यावर बसून केस मोकळे सोडले. मी फोटो काढला. चांगला आला.

आता नाव कोरण्याविषयी. जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर अक्षरं आहेत: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. ज्याने हा अख्खा गड उभा केला त्याने आपलं नाव कुठे ठेवलं, तर पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांखाली. बिचाऱ्याला ब्रँडिंग कळत नव्हतं. तुम्ही ती चूक करू नका. चार तासांसाठी आला आहात, तेव्हा भिंत निवडावी, डोळ्यांच्या उंचीची, आणि गाडीच्या किल्लीने बदाम काढून आत दोन नावं लिहावीत. आमच्यातला एक जण किल्ली काढून बसलाच होता. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, इथे कोण बघतंय?" खरंच आहे. कोणी बघत नव्हतं. मी बघत होतो, पण काकांना कोण मोजतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात रायगड आहे, म्हणून आमच्या कंपूने गडावर येता येता अभिमानाचं स्टेटस टाकलं होतं. अभिमान रेंज असेपर्यंत टाकून घ्यावा.

आणि हिरकणी. हा खरा महत्त्वाचा मुद्दा, इथे घाई करू नये. रोपवे सुटतो त्या वाडीचं नावच हिरकणवाडी. दूध घालायला गडावर आलेली गवळण, कोजागिरीची संध्याकाळ, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली, अशी ती कथा. बुरुजाच्या टोकाला उभं राहून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. आमच्या पोरांच्याही आला. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलंय म्हटल्यावर लगेच व्हिडिओ झाला, 'आईचं काळीज' असं वर लिहून, खाली तीन लाल बदाम.

तिथून परत फिरलो तर वाटेवर एक बाई ताक विकत होती. वयाने माझ्या आईएवढी. खालच्या वाडीतून अंधारात निघते, किटली डोक्यावर, पायऱ्यांनीच येते. वीस रुपये गिलास. आमच्या कंपूने सात गिलास घेतले, दोघांनी दुसऱ्यांदा मीठ मागून घेतलं, आणि मग त्या व्हिडिओवाल्या काळजाने विचारलं, "मावशी, सात घेतलेत, शंभरात द्या ना." बाई म्हणाली, "परवडत नाय गं बाय." तर दुसरा म्हणतो, "अहो, ताकात पाणीच असतं की सगळं!" पाणीच असतं. आणि ते पाणी इथवर कोण आणतं रे? रोपवेच्या रांगेत उभं राहून तुम्ही चॉकलेटी कॉफीचे जे ग्लास प्यायलात, त्याची किंमत केलीत का कमी? "पाणीच असतं सगळं" म्हणालात तिथे? टोलनाक्यावर घासाघीस केलीत? दीड हजार पायऱ्या उतरायच्या म्हटल्यावर तुमच्यातल्या तिघांचे गुडघे दुखायला लागले, तुम्ही पंचविशीतले, आणि ती रोज चढते. ज्या हिरकणीसाठी पाच मिनिटांपूर्वी डोळे पुसलेत ती अशीच कोणीतरी होती की! दुधाची चरवी घेऊन गडावर आलेली, हिशेब मिटेपर्यंत थांबलेली, म्हणून दार बंद होऊन अडकलेली. तेव्हाही कोणी म्हटलं असेल, दुधात पाणीच असतं.

बरं, शेवटी शंभर ठरले. मग नेटवर्क नाही. "मावशी, नंबर द्या, खाली गेल्यावर जीपे करतो." तिच्याकडे कोड नाही, फोन बटणांचा. "मग आता काय करायचं?" असं सात सुशिक्षित माणसं एकमेकांना विचारत उभी राहिली, आणि हळूहळू, कोणी न ठरवता, पुढे चालायला लागली. सातही. माझा भाचासुद्धा.

मी एकशे चाळीस दिले. बाई वरचे चाळीस परत द्यायला लागली, तेव्हा मला तोंड कुठे लपवावं कळेना.

बस झालं उपरोधाचं. लाज वाटू द्या जरा. भिंत तुमच्या बापाची नाही, तळं तुमची कचरापेटी नाही, आणि ती बाई तुमच्या रीलमधला बॅकग्राउंड नाही. भाच्या, गाडीत तू "मामा, तू उगाच चिडलास" म्हणालास ना? चिडणारच. तुझ्या आईने अशी कामं करून तुला शिकवलंय, हे तुझ्या मित्रांना सांगायला तुझी जीभ जड होते का?

एकशे चाळीस मला परत नकोत. पुढच्या वेळी सुटे घेऊन ये आणि पायऱ्यांनी जा, ती वाटेत भेटेल. आणि आमच्याकडे जेवायला थांबू नका. मामी नको म्हणाली आहे. मामी काही म्हणालेली नाही, मी म्हणतोय.