इराणचा पर्शिया आणि आपला इंडिया

सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या जेवणाच्या निमंत्रणावर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ छापून आलं, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. काका म्हणतात इंडिया हे इंग्रजांनी दिलेलं गुलामीचं नाव, टाका काढून. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो हे सगळं निवडणुकीपुरतं आहे, मग दोन दिवस ग्रुपवर शुकशुकाट. मी राहते लॉस एंजेलिसजवळ, आणि मला दर वेळी वाटतं की अहो, हे एका देशाने आधीच करून बघितलंय आणि ती माणसं माझ्या शेजारीपाजारी राहतात, त्यांना विचारा की.

१९३५ मध्ये इराणचा राजा रझा शाह याच्या सरकारने परदेशी सरकारांना कळवलं की यापुढे पत्रव्यवहारात आम्हाला पर्शिया म्हणायचं नाही, इराण म्हणायचं. हे फक्त परक्यांसाठी होतं बरं का, घरात तर ते लोक कधीपासूनच इराण म्हणत होते, तिसऱ्या शतकातले सासानी राजेसुद्धा नाण्यांवर स्वतःला एरानचे शहेनशाह म्हणवून घ्यायचे. पर्शिया हे ग्रीकांचं काम, पार्स नावाच्या एका प्रांताचं नाव त्यांनी अख्ख्या देशाला चिकटवलं. आपलं काय वेगळं आहे? मराठीत आपण भारतच म्हणतो, घटनेतही दोन्ही नावं आहेत, भांडण आहे ते इंग्रजीत काय म्हणायचं याचं. आणि इंडिया हे नाव इंग्रजांनी दिलं हे काकांनी कितीही ठासून सांगितलं तरी खरं नाही, सिंधूचं हिंदू याच इराण्यांनी केलं आणि त्यावरून इंडोस ग्रीकांनी, इंग्रजांचा तेव्हा पत्ताही नव्हता.

तर १९३५ नंतर झालं काय? सरकारी कागद बदलले. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी त्याच वर्षी अँग्लो-इराणियन झाली (तीच पुढे ब्रिटिश पेट्रोलियम). पण दुसऱ्या महायुद्धात चर्चिलने इराण आणि इराकचा घोळ नको म्हणून पुन्हा पर्शियाच वापरायला लावलं. इराणमधल्याच काही विद्वानांचं म्हणणं होतं की इंग्रजी वाचणाऱ्याला पर्शिया म्हटल्यावर जे काव्य, बागा, चित्रं डोळ्यासमोर येतात ते इराण म्हटल्यावर येत नाहीत, उगाच आपणच आपली ओळख पुसली. शेवटी १९५९ मध्ये सरकारने सांगून टाकलं की दोन्ही चालतील.

आणि मग १९७९ ची इस्लामी क्रांती. तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतली माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली आणि इकडे इराणियन म्हणवून घेणं जड झालं. क्रांतीनंतर लॉस एंजेलिसमध्ये येऊन राहिलेल्या कितीतरी कुटुंबांनी स्वतःला पर्शियन म्हणायला सुरुवात केली. म्हणजे एका राजाने परकं म्हणून टाकलेलं नाव लोकांनी आपणहून उचललं! वेस्टवुड बुलेवार्डवर फिरलात तर पर्शियन रेस्टॉरंट, पर्शियन आइस्क्रीम, पर्शियन रग अशा पाट्या दिसतील. तिथल्या एका गालिचेवाल्या आजोबांना मी विचारलं होतं की पाटीवर इराणियन का नाही, तर म्हणाले, पर्शियन म्हटलं की गिऱ्हाईकाला गालिचा आणि मांजर आठवतं, इराणियन म्हटलं की टीव्हीवरच्या बातम्या. त्यात त्यांचा गालिचा अमेरिकेत आणायला कधी बंदी, कधी परवानगी, २०१६ मध्ये उठली आणि २०१८ मध्ये परत आली.

पण हे सगळ्यांना पटतं असंही नाही. आमच्या ऑफिसात इराणमधल्या तब्रीझचा एक माणूस आहे, घरी अझरी बोलतो, त्याला कोणी पर्शियन म्हटलं की तो शांतपणे दुरुस्त करतो, मी इराणी आहे, पर्शियन नाही. त्याचं बरोबरच आहे, एका प्रांताचं नाव सगळ्यांच्या गळ्यात कशाला, कुर्द, बलुच, अझरी यांनी काय करायचं? रझा शाहच्या मनात काहीही असो, इराण हे नाव त्या बाबतीत जास्त मोठ्या मनाचं आहे असं मला वाटतं.

गंमत म्हणजे ज्या देशाने पर्शिया नाव सोडलं तोच देश आखाताच्या बाबतीत इंचभर हलत नाही. अरब देश त्याला अरबी आखात म्हणतात आणि इराणचं सरकार दरवर्षी ३० एप्रिलच्या सुमारास पर्शियन आखाताचा राष्ट्रीय दिवस साजरा करतं. तो दिवस आहे १६२२ मध्ये पोर्तुगीजांना होर्मुझमधून हाकललं त्याचा, म्हणजे ज्यांचा कारभार गोव्यातून चालायचा तेच पोर्तुगीज. (मुंबईकरांना या दोन नावांचा कधी त्रास झाला नाही. आधी आलेले ते पारशी, नंतर आले ते इराणी, आणि चहा मात्र इराण्याकडे.)

त्यामुळे उद्या दिल्लीने इंग्रजीतही फक्त भारत करायचं ठरवलं तर माझी काही तक्रार नाही, श्रीलंकेने सिलोन सोडलंच की १९७२ मध्ये, चहाच्या डब्यावर अजून सिलोन आहे एवढंच. पण माझ्या इथल्या फॉर्मवर एशियन इंडियन असा रकाना आहे, १९८० च्या जनगणनेपासून, आणि तो मिळवायला आधीच्या लोकांनी बरीच खटपट केलीय. दुकान इंडियन ग्रोसरी, मुलीच्या शाळेतला क्लब इंडियन. दिल्लीतून आदेश निघाला म्हणून यातलं काही बदलणार नाही, आणि वीस-तीस वर्षांनी तिकडून कोणीतरी भाचा येऊन माझ्या मुलीला सांगेल की ताई, तुम्ही लोक अजून ते जुनंच नाव काय धरून बसलात. ती काय उत्तर देईल ते तिचं ती बघेल, काकांना मात्र मी आत्ताच कळवलंय की माझ्या पत्त्यावर पाकीट पाठवताना पाठवणाऱ्याच्या देशात काय हवं ते लिहा, पिनकोड तेवढा नीट घाला.