पिवळी गाणी आणि एक लाल बंगला

शांघायच्या जुन्या गायिकांविषयी आजकाल जे लिहिले जाते, त्यात रेशमी चिनी पोशाख, निऑनचे दिवे, नृत्यगृहे आणि सिगारेटचा धूर यांचीच इतकी गर्दी असते की या बायका मुळात गात होत्या, हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही राहू नये. त्याहून मला खटकतो तो या वर्णनांमागे दडलेला निवाडा : जपानशी चाललेल्या युद्धात देश जळत होता आणि या मात्र प्रेमगीते गात बसल्या होत्या. हा निवाडा मला मान्य नाही.

जोऊ शुआनपासून सुरुवात करतो. 1920 साली जन्मलेली, लहानपणीच दत्तक गेलेली आणि खऱ्या आईवडिलांचा शोध आयुष्यभर न लागलेली ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना ली चिनहुई यांच्या नृत्यगायन मंडळीत आली. तिथे तिने म्हटलेल्या एका देशभक्तिपर गाण्यात रणांगणावर शत्रूशी झुंज देण्याची ओळ होती. त्या ओळीतल्या ‘झुंजणे’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारच ‘जोऊशुआन’ असा होतो आणि त्यावरूनच ली यांनी तिचे नाव ठेवले, असे सांगतात. पुढे ‘सोनेरी गळा’ म्हणून गाजलेल्या गायिकेचे नाव असे थेट लढाईच्या गाण्यातून आलेले आहे.

तिच्यासह याओ ली, बाय ग्वांग, बाय होंग, गोंग च्योश्या, वू यिंगयिन आणि ली श्यांगलान अशा सात जणींना 1940 च्या दशकातल्या शांघायमधल्या महान गायनतारका मानले जाते. या गाण्यांना ‘शिदायछू’, म्हणजे ‘काळाची गाणी’ म्हणतात. चिनी लोकधून आणि जॅझचा वाद्यवृंद यांच्या मिलाफातून ती घडली. माझ्या मते खरी क्रांती मात्र मायक्रोफोनने केली. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी आपल्या संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे, तशीच सक्ती चिनी ऑपेराच्या गायकावरही होती. जोऊ शुआनचा आवाज तर लहानसा आणि कोवळा होता. मायक्रोफोनजवळ उभी राहून ती असे गाई की ऐकणाऱ्याला वाटावे, गाणे आपल्या एकट्यासाठीच चालले आहे. बाय ग्वांगने याच सोयीचा अगदी उलटा उपयोग केला. तिचा स्वर खर्जातला, आळसावलेला आणि किंचित बेफिकीर असून, बाईचा आवाज उंच आणि नाजूकच असावा ही समजूत तिने सहज मोडीत काढली. सातांपैकी एकीचीच निवड करायची झाली तर मी बाय ग्वांगची करीन, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 1937 साली ‘रस्त्यावरचे देवदूत’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला आणि त्यातल्या दोन गाण्यांनी जोऊ शुआन घराघरांत पोहोचली. सूचौ भागातल्या लोकधुनांवरून चाली बांधल्या त्या ‘हे लूथिंग’ या संगीतकाराने, तर शब्द होते त्येन हान यांचे. त्यातल्या चार ऋतूंच्या गाण्यात घर सोडून दक्षिणेकडे आलेली मुलगी शेवटच्या कडव्यात रक्तामांसाने बांधल्या जाणाऱ्या चीनच्या लांबलचक भिंतीचा उल्लेख करते. हीच रक्तामांसाची भिंत चीनच्या आजच्या राष्ट्रगीतातही आहे, कारण ते गीतही त्येन हान यांनीच त्याआधी दोन वर्षे लिहिले होते. एकाच लेखणीतून, एकाच प्रतिमेतून उतरलेल्या या दोन गाण्यांपैकी एक राष्ट्राचे आणि दुसरे चैनीचे ठरवायचे असेल, तर ती रेघ नेमकी कुठे ओढायची?

संगीतकार ल्यू श्वेआन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. लांबलचक भिंतीवरचे त्यांचे गीत जपानविरोधी लढ्याच्या काळात लोकांच्या तोंडी होते आणि ‘तू पुन्हा कधी येशील’ अशा अर्थाच्या, जोऊ शुआनने गायलेल्या प्रसिद्ध गाण्याची चालही त्यांचीच. 1957 साली साम्यवादी राजवटीने त्यांना ‘उजवे’, म्हणजे आपले विरोधक, ठरवले. ‘रोज, रोज’ हे याओ लीचे गाणे रचणारे चेन गशिन यांच्यावरही त्याच वर्षी तोच शिक्का बसला आणि 1961 मध्ये श्रमछावणीत त्यांचा अंत झाला. त्यापूर्वी, 1951 मध्ये, त्याच गाण्याची इंग्रजी आवृत्ती फ्रँकी लेन या गायकाने अमेरिकेत गाजवली होती. आपल्याकडे जशी ‘पिवळी पुस्तके’, तशी नव्या, साम्यवादी चीनमध्ये ही ‘पिवळी गाणी’ झाली. याओ ली आणि बाय ग्वांग हाँगकाँगला निघून गेल्या. मागे राहिलेल्या बाय होंगला सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसावा लागला. जोऊ शुआन मानसिक आजाराशी झगडत 1957 मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारली.

माझ्या मताला अडचणीत आणणारी एकच गायिका आहे, ती म्हणजे ली श्यांगलान. तिचे खरे नाव योशिको यामागुची. जपानी आईबापांची, मांचुरियात वाढलेली ही मुलगी चिनी नाव घेऊन जपानच्या प्रचारपटांत चिनी नायिका म्हणून झळकली. युद्धानंतर तिच्यावर देशद्रोहाचा आरोप आला, तेव्हा जपानहून आलेल्या कुटुंबनोंदीने ती जपानी असल्याचे सिद्ध झाले आणि ती वाचली. पुढे ती जपानच्या संसदेत अठरा वर्षे होती. तिच्या त्या चित्रपटांचे समर्थन मी करणार नाही, तिने स्वतःही ते केले नाही. पण 1944 मध्ये तिने गायलेले रातराणीच्या सुगंधाचे गाणे ली चिनग्वांग या चिनी संगीतकाराचे आहे, आणि गायिकेच्या पापाची शिक्षा त्या चालीला का द्यावी, हे मला अजून कुणी समजावून दिलेले नाही. पुढे तैवानच्या तेरेसा तेंगने तेच गाणे पुन्हा गायले, तेव्हा चीनमध्ये लोक तिच्या कॅसेटच्या प्रती काढून चोरून ऐकत होते.

या गाण्यांपैकी बहुतेक शांघायच्या पाथे या तबकड्यांच्या कंपनीच्या शिक्क्याने निघाली. शहराच्या शूच्याहुई भागात तिचा ‘छोटा लाल बंगला’ अजून उभा आहे. 1935 साली, पुढे राष्ट्रगीत झालेल्या त्या गाण्याची पहिली तबकडीही पाथेनेच काढली; तिचे ध्वनिमुद्रण याच बंगल्यात झाले, असे सांगतात.