सॉक्रेटिसने धर्मनिष्ठा मोडीत काढली नाही

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादाबद्दल एक दावा हौसेने पुढे ढकलला जातो: नास्तिक सॉक्रेटिसने युथिफ्रो नावाच्या एका अंधश्रद्धाळू भविष्यवाल्याला एकाच प्रश्नात गारद केलं आणि धर्मनिष्ठेची व्याख्याच होत नाही, म्हणजे ती थोतांड आहे, हे सिद्ध केलं.

आधी ‘नास्तिक’. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर पाखंडाचा खटला चालला खरा. पण प्लेटोने लिहिलेल्या बचावाच्या भाषणात तो फिर्यादी मेलेटसला नेमका इथेच पकडतो: मी नवी दैवतं आणतो म्हणतोस, आणि देवच मानत नाही असंही म्हणतोस!

‘अंधश्रद्धाळू’ही जरा जपून. नक्सोस बेटावरच्या शेतात दारूच्या नशेत एका मजुराने घरच्या गुलामाचा खून केला. युथिफ्रोच्या वडिलांनी मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि पुढे काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस धाडला. निरोप येईपर्यंत मजूर भुकेने, थंडीने मेला. युथिफ्रो वडिलांवरच खटला भरतो. मेलेला परका की घरचा, याने काय फरक पडतो, असं त्याचं म्हणणं. हे तर आजही पटावं. त्याची खोड एवढीच, की आपल्याला सगळं कळतं ही गुर्मी.

धर्मनिष्ठा म्हणजे काय, यावर युथिफ्रो म्हणतो: देवांना आवडतं ते पवित्र. आता त्यावरचा सॉक्रेटिसचा तो गाजलेला प्रश्न. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र म्हणून देवांना आवडतं? युथिफ्रो दुसरा पर्याय कबूल करतो, म्हणजे पवित्रपणा आवडीच्या आधीच असतो, आणि ‘देवांना आवडतं ते पवित्र’ ही व्याख्या कोसळते. व्याख्या कोसळते, धर्मनिष्ठा नव्हे. प्लेटोच्याच ‘लाखेस’ संवादात दोन सेनापतींना शौर्याची व्याख्या साधत नाही. म्हणून शौर्याला कोणी थोतांड म्हणत नाही.

शिवाय बोलणं तिथे संपतही नाही. धर्मनिष्ठा हा न्यायाचाच एक भाग असावा, हे पुढे सॉक्रेटिसच सुचवतो. युथिफ्रो म्हणतो, देवांच्या सेवेचा भाग. सॉक्रेटिस विचारतो, सेवा कसली? घोड्याची निगा राखतात तशी? निगा राखली की घोडा सुधारतो. देव काही आपल्यामुळे सुधारत नाहीत. बरं, मग चाकर मालकाची करतो तशी, युथिफ्रो म्हणतो. पण वैद्याच्या हाताखालचा माणूस आरोग्य घडवायला मदत करतो, तसं देव आपल्याला हाताशी धरून काय घडवतात? युथिफ्रो यज्ञ-प्रार्थनांकडे वळतो. त्यावर सॉक्रेटिस हळहळतो: उत्तराच्या इतक्या जवळ येऊन मागे फिरलास, ते दिलं असतंस तर धर्मनिष्ठा मला पुरेशी कळली असती. पोस्ट फिरवणारे या पानापर्यंत पोचलेले दिसत नाहीत.