मूळ लेखक कोण?

आज दुपारी माझ्या एका विद्यार्थिनीने एका प्रकाशनसंस्थेकडून आलेले उत्तर मला पाठवले, आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. तिने चार वर्षे खपून लिहिलेल्या कादंबरीबद्दल त्या उत्तरात एक अक्षर नाही. नवोदितांच्या स्वतंत्र कादंबऱ्या सध्या स्वीकारत नाही, मात्र आपली भाषा चांगली असल्याने अनुवादाचे काम करण्याची इच्छा असल्यास कळवावे, एवढाच मजकूर आहे. तिची भाषा चांगली आहे हे त्यांना सोबतच्या पत्रावरूनच कळले असणार, कारण सकाळी पाठवलेल्या कादंबरीचे उत्तर दुपारच्या जेवणाआधी आले आहे.

हे वाचून मला फ्रेंचमध्ये लिहिणारा रशियन कादंबरीकार आंद्रेई माकीन आठवला. माझ्या मित्रयादीतल्या बहुतेकांना मी त्याच्याबद्दल कधी ना कधी सांगितले असेल, पण आज पुन्हा सांगणार आहे.

माकीनचा जन्म 1957 चा, सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा. फ्रेंच त्याला लहानपणापासून येत होती, पुढे त्याने फ्रेंच साहित्याचाच अभ्यास केला आणि 1987 मध्ये तो पॅरिसला आला तो परत न जाण्यासाठीच. हाती पैसा नव्हता, डोक्यावर छप्पर नव्हते. सुरुवातीच्या काळात पेर लाशेझच्या दफनभूमीतल्या एका थडग्याच्या घुमटीत आपण राहिलो, असे त्याने सांगितलेले आहे. अशा अवस्थेत हा माणूस थेट फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत होता आणि पॅरिसचे प्रकाशक त्या परत पाठवत होते. काल-परवा सोव्हिएत संघातून आलेला कुणी एक रशियन फ्रेंचमध्ये कादंबरी लिहितो, हेच त्यांना पटत नव्हते. लेखन बरे आहे की वाईट, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

शेवटी हताश होऊन त्याने एक अनुवादिका निर्माण केली. ‘फ्रांस्वाज बूर यांनी रशियनमधून अनुवादित’ असे हस्तलिखितावर लिहून त्याने तेच पाठवले, आणि तेच स्वीकारले गेले. 1990 मध्ये रोबेर लाफों या नामांकित संस्थेने त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली आणि अनुवाद उत्तम उतरल्याची दाद त्या अस्तित्वात नसलेल्या बाईंना मिळाली. 1992 मधल्या दुसऱ्या कादंबरीवर अनुवादक म्हणून आल्बेर लेमोनिये हे नाव आले, तेही त्याचेच रचलेले. त्या वेळी मूळ रशियन प्रत पाहायला मागितली गेली, तेव्हा माकीनने आपलीच फ्रेंच कादंबरी बसून रशियनमध्ये उतरवली आणि ती ‘मूळ’ म्हणून पुढे ठेवली.

इथे मी नेहमी थांबते. मी आयुष्यभर अनुवाद केले आहेत. एका वाक्यासाठी आख्खी दुपार कशी जाते, ते मला ठाऊक आहे. स्वतःच्या पूर्ण झालेल्या, नीट बसलेल्या वाक्यांना पुन्हा उकलून दुसऱ्या भाषेत मांडायचे, आणि तेही कुणाला वाचायला मिळावे म्हणून नव्हे तर एका संपादकाचा संशय फिटावा म्हणून, ही कल्पनाच मला सहन होत नाही. किती रात्री त्याने त्यात घातल्या असतील! त्या रात्रींमध्ये तो पुढची कादंबरी लिहू शकला असता.

आता माझी गोष्ट. पुण्यातल्या एका प्रकाशकांसाठी मी बरीच पुस्तके अनुवादित केली होती. हिंदीतून केली, इंग्रजीतून केली, वेळेवर दिली, मिळेल त्या मानधनात केली. एके दिवशी मी माझी स्वतःची कादंबरी घेऊन त्यांच्याकडे गेले. वऱ्हाडातल्या एका जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांची ती गोष्ट होती. माझी आजी त्यांच्यातली एक. त्यांनी फाइल हातात घेतली, वजन पाहिल्यासारखी थोडी वर उचलली आणि विचारले, “मूळ लेखक कोण?” मी म्हटले, “मीच.” त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत कागदाच्या भावाबद्दल बोलत राहिले. निघताना म्हणाले, “ताई, तुमचा अनुवाद इतका सुरेख असतो, तुम्ही या भानगडीत कशाला पडता?” फाइलचा बंद त्यांनी सोडलाच नव्हता.

प्रकाशकांची बाजू मला कळत नाही असे नाही. कागद महागला आहे, ग्रंथालयांची खरेदी अनुदानावर अवलंबून आणि अनुदान वेळेवर येत नाही, नव्या नावाची हजार प्रतींची आवृत्ती गोदामात वर्षानुवर्षे पडून राहते. हे सगळे खरे आहे आणि मी ते मान्य करते. पण फाइल उघडण्याला कागद लागत नाही.

माकीनची चौथी कादंबरी ‘ल तेस्तामां फ्रांसे’, म्हणजे ‘फ्रेंच मृत्युपत्र’. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी इंग्रजीत जेफ्री स्ट्रॅचन यांनी केलेल्या अनुवादातून जरूर वाचावी. गवताळ मैदानाच्या काठावरच्या सारांझा नावाच्या गावात शार्लोत लेमोनिये ही फ्रेंच आजी राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे तिच्याकडे येतात आणि संध्याकाळी बाल्कनीत बसून ती त्यांना पॅरिसच्या गोष्टी सांगते. 1910 च्या पुरात बुडालेले पॅरिस, झार निकोलसची पॅरिसभेट, जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांनी भरलेली तिची पेटी. एवढ्या सामग्रीवर त्या मुलाच्या डोक्यात एक आख्खा देश उभा राहतो. मोठेपणी त्याला आपल्यातल्या त्या फ्रान्सचा राग येतो, मग स्वतःतला रशिया नकोसा होतो, आणि दोन्हींखेरीज आपण कुणीच नाही हे त्याला हळूहळू उमगत जाते. तो नातू पुढे पॅरिसला येऊन लेखक होतो आणि त्यालाही आपल्या फ्रेंच पुस्तकांसाठी खोटा अनुवादक रचावा लागतो. पुस्तकांच्या दुकानात आपले पुस्तक पूर्व युरोपच्या कप्प्यात, लेर्मोंतोव आणि नाबोकोव यांच्या मधे ठेवलेले तो पाहतो. इतका अपमान इतक्या शांतपणे लिहायला फार मोठे मन लागते. माझ्याजवळ ते नाही. त्या प्रकाशकांच्या खोलीबद्दल लिहायला बसले की माझे अक्षर अजूनही बिघडते.

ती कादंबरी मर्क्यूर द फ्रांस या संस्थेच्या सिमोन गालिमार यांनी स्वीकारली, माकीनच्याच नावाने आणि फ्रेंच कादंबरी म्हणून. 1995 मध्ये तिला फ्रेंच साहित्यातला सर्वात मानाचा गोंकूर पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी मेदिसीस हा दुसरा मोठा पुरस्कारही विभागून मिळाला, आणि शाळकरी विद्यार्थ्यांच्या निवडीचा जो गोंकूर असतो तोही तिलाच मिळाला. गोंकूरची रक्कम आज म्हणाल तर दहा युरो, पण त्या पुरस्काराची पट्टी मुखपृष्ठावर चढली की पुस्तकाच्या लाखो प्रती जातात. आधी ज्याला नागरिकत्व नाकारले होते त्या माणसाला पुरस्कारानंतर फ्रान्सने आपला नागरिकही करून घेतले. 2016 मध्ये अकादमी फ्रांसेजने त्याला दिवंगत लेखिका असिया जेबार यांच्या रिक्त आसनावर निवडले. फ्रेंच भाषेची राखण करणारी ही संस्था! ज्याची फ्रेंच खरी असू शकत नाही असे पॅरिसच्या संपादकांनी ठरवून टाकले होते, तोच आता त्या भाषेच्या शब्दकोशावर देखरेख करणाऱ्यांमध्ये बसतो.

कुणी म्हणेल, झाले ना शेवटी सगळे नीट? नाही झाले. ज्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती, खोटा अनुवादक रचण्याचे धाडस नव्हते, थडग्यात राहूनही लिहीत राहण्याची ताकद नव्हती, त्यांची नावे आपल्याला माहीतच नाहीत. एक माकीन पार झाला म्हणून ती चाळणी बरोबर ठरत नाही.

आणि पुरस्कारानंतरही खूण बदलण्याचा खेळ संपला नाही. 1997 मध्ये अमेरिकेत ही कादंबरी आली तेव्हा तिच्या नावातले फ्रेंच काढून टाकले गेले आणि ‘ड्रीम्स ऑफ माय रशियन समर्स’ असे नाव दिले गेले. तिकडच्या वाचकाला रशियन उन्हाळा हवाहवासा वाटेल, असा हिशेब असणार. पुस्तक खपले, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्याने फ्रेंच लेखक म्हणून ओळखले जावे यासाठी एवढे सोसले, त्याच्या पुस्तकाच्या नावावरूनच फ्रान्स पुसला जावा, याचे मला वाईट वाटते. खुद्द माकीनने 2001 पासून गाब्रिएल ओस्मोंद या वेगळ्याच नावाने कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या आणि तो ओस्मोंद म्हणजे आपणच, हे 2011 मध्ये उघड झाले. गोंकूर मिळालेल्या माणसालाही आपल्याच नावाबाहेर जाऊन लिहावेसे वाटले, यावर प्रकाशनव्यवसायातल्या लोकांनी कधी विचार केला आहे का?

फ्रान्समध्ये हे त्याच्याआधीही घडले होते. रशियन साम्राज्यातल्या विल्नो शहरात 1914 मध्ये जन्मलेल्या रोमां गारीला 1956 मध्ये गोंकूर मिळाला. पुढे समीक्षकांनी त्याला संपलेला लेखक ठरवले, तेव्हा तो एमिल आजार या नावाने लिहू लागला आणि 1975 मध्ये त्या नावालाही गोंकूर मिळाला. एकाच लेखकाला दोनदा न मिळणारा पुरस्कार! गारीला जुने नाव सोडावे लागले आणि माकीनला खोटे नाव जोडावे लागले. कागदावरची अक्षरे मात्र दोघांच्याही बाबतीत त्यांचीच होती.

नाबोकोवची गोष्ट मी यात मोजत नाही. सेंट पीटर्सबर्गला जन्मलेल्या या लेखकाची ‘लोलिता’ अमेरिकेतल्या अनेक प्रकाशकांनी परत पाठवली, 1955 मध्ये ती पॅरिसच्या ऑलिंपिया प्रेसकडून आली आणि 1958 मध्ये न्यूयॉर्कला पटनमने छापली तेव्हा हातोहात खपली. त्या प्रकाशकांना खटल्याची भीती होती, पण निदान त्यांनी हस्तलिखित वाचले होते आणि वाचून नाही म्हटले होते. वाचून दिलेला नकार मी कधीही निमूट स्वीकारीन. मलाही असे नकार आले आहेत आणि त्यातल्या एकाने तर माझ्या कादंबरीचा कच्चा भाग नेमका दाखवला होता. त्या नकाराचे पत्र मी जपून ठेवले आहे.

अनुवादांविरुद्ध मी बोलते आहे असा अर्थ कृपया काढू नये. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी मराठीत काढलेली जाडजूड, स्वस्त रशियन पुस्तके आमच्या घरात होती. तालुक्याच्या गावात राहून मी तॉलस्तॉय आणि चेखव मराठीत वाचले आणि त्यातूनच मला लिहावेसे वाटले. अनुवाद माझे पोट आहे आणि माझे प्रेमही आहे. म्हणूनच मला संताप येतो, जेव्हा त्याच अनुवादाची भिंत करून एखाद्या मुलीची स्वतंत्र कादंबरी अडवली जाते. बाहेरून शिक्का बसून आलेले पुस्तक दुसऱ्या कुणीतरी आधीच वाचून, निवडून, गाजवून ठेवलेले असते. ते घेणाऱ्याला स्वतःचे मत बनवावे लागत नाही. त्या दिवशी मला ‘मूळ लेखक कोण’ असे विचारले गेले तेव्हा खरे म्हणजे हेच विचारले जात होते की, हे चांगले आहे असे आधी कोणी ठरवले आहे?

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, कारण मला जिल्ह्याच्या गावातले ते दुसरे प्रकाशक आठवले. दोन खोल्यांचे त्यांचे कार्यालय, पुढच्या खोलीत शालेय वह्यांचे गठ्ठे. त्यांनी माझी कादंबरी ठेवून घेतली आणि महिन्याने बोलावले. गेले तर पानापानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात शंका लिहिलेल्या. रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, चालू असताना बायकांना एकमेकींचे बोलणे ऐकू येईल का, सरकीच्या ढिगावर मूल झोपवले तर ते गुदमरणार नाही का, असे प्रश्न. आजीच्या जिनिंगमध्ये कोणी इतके आत शिरले होते, हे पाहून मला त्यांच्यासमोरच रडू आले. पुस्तक फार खपले नाही. त्यांनी ते वाचून छापले होते, आणि माझ्यासाठी तेवढे पुरेसे होते. सिमोन गालिमार यांच्या टेबलावर माकीनचे हस्तलिखित उघडले गेले, तेव्हा त्याला काय मिळाले असेल, याचा अंदाज मला त्या दोन खोल्यांमुळे करता येतो.

माकीनच्या आयुष्यातल्या काही गोष्टी आपल्याला त्याच्याच तोंडून कळतात आणि तो मुरलेला कथाकार आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो मी खोडत नाही. पण त्या खोट्या अनुवादकांची नावे पुस्तकांवर छापलेली आहेत.

माझ्या विद्यार्थिनीला मी संध्याकाळी फोन केला. अनुवादाचे काम घेऊ का, असे ती विचारत होती. मी तिला सांगितले की घ्यायचे असेल तर पैशांसाठी जरूर घे, पण तुझ्या कादंबरीच्या बदल्यात घेऊ नकोस. ती गप्प राहिली. तिला घर चालवायचे आहे, आणि तिच्या गप्प राहण्यावर मी काय बोलणार?

माझ्या यादीत काही प्रकाशक आणि संपादक आहेत; त्यांतले काही हे वाचून माझ्यावर रागावतील, तर रागावावे. त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे. माझ्या विद्यार्थिनीची ही कादंबरी टंकलिखित, तपासलेली आणि तयार आहे. मी ती लेखिकेचे नाव, गाव, वय, शिक्षण यांतले काहीही न लिहिता पाठवीन. ज्यांची वाचायची तयारी असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवावे. नकार आला तरी चालेल, मात्र कोणत्या पानावर आणि का, हे त्यात लिहिलेले असावे. तसा नकार तिच्यापर्यंत मी स्वतः पोचवीन.