पीनियल ग्रंथीतला ‘दगड’ आणि फ्लोराइडचा दोष

‘सीटी स्कॅनच्या अहवालात पीनियल कॅल्सिफिकेशन लिहून आले, तर टूथपेस्टमधल्या फ्लोराइडने तुमच्या तिसऱ्या डोळ्याचा दगड केला आहे; टूथपेस्ट सोडा, चिंचेचे पाणी प्या’, अशा आशयाचा संदेश नागपुरात मोबाइलवर फिरतो आहे. पीनियल ही मेंदूतली एक छोटी ग्रंथी, तिलाच काही जण ‘तिसरा डोळा’ म्हणतात; तिच्यात कॅल्शियम साठणे म्हणजे कॅल्सिफिकेशन. धंतोलीत स्कॅन करून बाहेर पडलेला माणूस तो संदेश वाचून धास्तावतो, म्हणून त्यातले दावे तपासणे भाग आहे.

संदेशातल्या चित्रात ही ग्रंथी दोन भुवयांच्या मध्ये दाखवली आहे. प्रत्यक्षात ती मेंदूच्या आत खोलवर, तिसऱ्या निलयाच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या एका पोकळीच्या) मागच्या टोकाशी असते, साधारण ५ ते ८ मिलिमीटरची. काही सरड्यांच्या माथ्यावर प्रकाश टिपणारा तिसरा डोळा खरोखरच असतो आणि आपल्या पीनियलशी त्याचे उत्क्रांतीतले नातेही आहे, हे मान्य केले पाहिजे. पण माणसाच्या पीनियलला स्वतःला काहीच दिसत नाही. उजेड-अंधाराची वार्ता तिला डोळ्यांच्या दृष्टिपटलाकडून, मेंदू आणि मानेतल्या चेतातंतूंचा वळसा घेऊन मिळते, आणि अंधारात ती मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक स्रवते.

मुख्य दावा दगडाचा आहे. प्रौढांमध्ये या ग्रंथीत कॅल्शियमचे कण साठणे इतके सर्रास आढळते, की सीटी येण्यापूर्वी डॉक्टर त्याचा उपयोगच करून घेत: कवटीच्या साध्या एक्स-रेत तो पांढरा ठिपका मध्यरेषेवरून सरकलेला दिसला, की मेंदूच्या एका बाजूला गाठ किंवा रक्तस्राव असल्याची शंका येई. ही युक्ती वापरात आली तेव्हा पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याची सुरुवातही झाली नव्हती. फ्लोराइड मिसळण्याची ती सुरुवात अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स येथे १९४५ साली झाली. ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो २००१ सालचा आणि ११ मृतदेहांवरचा असून, त्यात ग्रंथीतले फ्लोराइड कॅल्शियमच्या प्रमाणात वाढलेले आढळले. हाडादातांप्रमाणेच या कणांतही हायड्रॉक्सिॲपेटाइट हे कॅल्शियमचे खनिज असते आणि ते फ्लोराइड ओढून घेते. कण फ्लोराइडमुळे तयार झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

काळजीची लक्षणे निराळी आहेत. कॅल्सिफिकेशन लहान मुलात दिसले, ते एक सेंटिमीटरहून मोठे असले किंवा नजर वर जाईनाशी झाली, तर एमआरआय करून गाठ नाही ना, हे पाहावे लागते. नेहमीच्या एमआरआयमध्ये कॅल्शियम नीट ओळखू येत नाही, त्यामुळे ‘एमआरआयमध्ये दगड विरघळलेला दिसला’ ही फुशारकीही पोकळ ठरते.

फ्लोराइडचा त्रास विदर्भाला नवा नाही. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत भूजलातल्या जादा फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात, आणि तुरटी-चुन्याने ते पाणी शुद्ध करण्याची नळगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. राहता राहिली चिंच. तिच्यामुळे लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडते, असे मुलांवरच्या एका अभ्यासात दिसले आहे. सीटीवरचा ठिपका पुसला जातो, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.